जुना दगड वर

६ सप्टेंबर

दादा,

आणि पळून गेलो म्हणतोस ते तर सरळ खोटं आहे. पळून जाणारा माणूस डबा धुऊन जागेवर ठेवत नाही. मी डबा धुतला होता, गुण्या आणि ओळंबा पिशवीत घातला होता, पिशवी खिळ्याला टांगली होती आणि मग निघालो होतो. चालत. वहिनीला विचार, ती खिडकीत उभी होती. तेव्हा चारचौघांत 'तो पळाला, तो पळाला' करत फिरतोस ते बंद कर.

दुसरं म्हणजे त्या बाईंच्या न्हाणीघराची फरशी. मी सोडली तेव्हा ती ठीक होती. सिमेंट ओलं असताना मागून कुणी पाय दिला असेल, मला काय माहीत. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येतं म्हणजे दर वेळी फरशीवाल्याचीच चूक असते असं नाही. तू सगळी उखडून पुन्हा बसवलीस, स्वतःच्या खिशातून, हे वहिनीकडून कळलं. बसवलीस तर बसवलीस. मी सांगितलं नव्हतं.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. खालच्या गावातून दोनदा केला, दोन्ही वेळा तू कापलास. इथे वर तर रेंजच नाही. शुक्रवारी जीप खाली जाते, ती डिझेल आणते आणि पत्रं नेते. म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुला माहीत आहे, सातवीनंतर ते मोठं झालंच नाही.

काम दगडाचंच आहे, हसू नकोस. फक्त तिकडे बसवायचो, इथे काढतो. या डोंगरातून बोगदा न्यायचाय. खणायच्या आधी आत काय आहे ते बघतात. त्यासाठी मशीन आहे, तिच्या टोकाला पोकळ नळी, नळीच्या ओठांवर हिऱ्याची कच बसवलेली. तुझ्या कटरच्या पात्याला असते तशीच, फक्त हे पातं गोल. नळी दगडात उतरत जाते आणि पोटात दगडाची कांडी घेऊन वर येते, मनगटाएवढी जाड. ती धुवायची, पुसायची आणि पत्र्याच्या खोक्यात मांडायची. एका खोक्यात पाच ओळी, एकेक ओळ एक मीटरची. वरची कांडी आधी, खालची नंतर, पुस्तक वाचतो त्या क्रमाने. मग खोक्यावर नंबर आणि खोली टाकायची. रंगाने टाकायची, आणि त्याच दिवशी. हा इथला पहिला नियम, शेडच्या दारावरच लिहिलाय.

मशीन चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणतात. तीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर बोलून त्याचा आवाज आता खाली येतच नाही. जेवताना नुसतं 'मीठ दे' म्हणाला तरी ताटं हलतात. आणि एक मॅडम आहेत, दगड वाचणाऱ्या. डोळ्याला भिंग लावून एकेक कांडी बघतात आणि वहीत लिहितात. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात करड्या दगडात एक शिंपला दाखवला. समुद्रातला. मी म्हटलं कुणीतरी आणून टाकला असेल. तर म्हणाल्या, "आणायची गरज नाही. हा डोंगरच समुद्राच्या तळाचा आहे."

शेडमध्ये दिवसभर मी एकटाच असतो. पत्रा तापला की वर टकटक वाजतं, तू थापीने फरशी वाजवून बोलवायचास तसं, आणि मी 'आलो' म्हणतो. मग लक्षात येतं.

बाबांना सांग, मी बरा आहे.

२० सप्टेंबर

दादा,

वहिनीचं पत्र आलं. तुझं नाही. तुला लिहायला हात दुखत असतील तर तिच्या पत्राखाली नुसती सही तरी करायचीस. तिने लिहिलंय की तू माझी पत्रं हातात घेत नाहीस. ठीक आहे. मी तरी कुठे तुझ्या हातात दिलीत, मी जीपवाल्याच्या हातात दिलीत.

मॅडम दहा दिवस खाली ऑफिसात गेल्यात. त्या नसल्या की इथे बोलण्यासारखं माणूस उरत नाही. आम्ही तिघं एका खोलीत राहतो, पण तिघांच्या पाळ्या वेगळ्या. मी उठतो तेव्हा एक झोपायला येतो. अजून त्याचा चेहरा मी नीट पाहिला नाही, त्याची उशी मात्र चांगली ओळखीची झाली आहे.

जाण्याआधी मॅडमनी मला बरंच शिकवलं. त्यांना चहाबरोबर कुणीतरी ऐकणारं लागतं आणि मला कुणीतरी बोलणारं. त्या म्हणाल्या, हे डोंगर इथे नव्हते. इथे समुद्र होता, आणि समुद्राच्या पलीकडे खूप लांब दुसरी जमीन होती. ती जमीन हळूहळू सरकत आली. मी विचारलं, हळूहळू म्हणजे किती. त्यांनी बोटांत फट दाखवली. दादा, आपली शहाबादी फरशी जाड असते ना, तेवढी फट. वर्षाला तेवढी. करोडो वर्षं ती जमीन तशी येत राहिली, मधला समुद्र चेपत गेला, तळाचा गाळ दबून दगड झाला आणि जागा उरली नाही तेव्हा उचलला गेला. अजूनही सरकतेच आहे म्हणाल्या, थांबलेली नाही.

मी म्हटलं, मग जुना दगड कोणता आणि नवा कोणता, कसं ओळखायचं? म्हणाल्या, "साधा हिशोब आहे. गाळ एकावर एक बसतो. खालचं जुनं, वरचं नवं." मी तेवढं पाठ करून ठेवलं. इथे दोन दगड मुख्य. एक करडा, त्यात शिंपले. दुसरा चमकी, अभ्रकाने भरलेला, उन्हात धरला की डोळे दिपतात. मॅडम म्हणाल्या, चमकी फार जुना, शिंपला नावाची चीज जन्मायच्याही आधीचा. मला आता दोन्ही हात लावून ओळखता येतात. शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर मी सातवीत थांबलो नसतो. बरं, थांबलो असतो. पण आठवीचं तोंड बघून.

मंगळवारी दुपारी जमीन हलली. फार नाही, जेमतेम दोन श्वास. भोंगा मशीन सोडून मोकळ्या जागेत धावला आणि तिथून आम्हालाच 'पळू नका' म्हणून ओरडत राहिला. कुणाला काही लागलं नाही. शेडमध्ये नव्या भोकाची दोन खोकी मांडणीवरून पडली होती. मी लावून ठेवली. वहिनीला घाबरवू नकोस.

हल्ली जेवताना मी खोक्यांकडे तोंड करून बसतो.

११ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र बाबांना वाचून दाखव. तू नाही दाखवलंस तरी वहिनी दाखवेल.

मला शेडचा इन्चार्ज केलं. किल्ली माझ्याकडे असते. पगारही वाढला. मॅडम परत आल्या, त्यांनी नव्या भोकाची बाराही खोकी दोन दिवस बसून वाचली आणि म्हणाल्या, "इतकी स्वच्छ मांडणी मी या साइटवर पाहिली नाही. एक कांडी इकडची तिकडे नाही." भोंग्यासमोर म्हणाल्या. तू मला आठ वर्षांत असं एकदा तरी म्हणालास का? 'सांधा बघ, सांधा बघ,' एवढंच. सांधा सरळ आला तरी पाठ करून उभा राहायचास.

भोंगा जळतोय. त्या दिवशी शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "इन्चार्ज साहेब, मला एक सांगा. मी भोक मारत होतो तेव्हा पाणी आधी चमचमतं आलं, दुधाळ नंतर आलं. तुमच्या खोक्यांत उलटं कसं?"

मशीनला थंड ठेवायला आत पाणी सोडतात, ते दगडाचा भुगा घेऊन वर येतं, म्हणून त्याचा रंग दगडासारखा असतो. चमकी असली की चमचम, करडा असला की दुधाळ. मी त्याला म्हटलं, "तुम्ही पाण्यावरून सांगता, आम्ही शास्त्रावरून सांगतो. खालचं जुनं असतं."

"असेल बाबा. मी काय, अंगठेबहाद्दर."

"रोज चार भोकं आठवत बसलात तर पाणी एकात एक मिसळणारच."

तो गेला. मोठ्याने काही बोलला नाही, आणि भोंगा मोठ्याने बोलला नाही की चुकल्यासारखं वाटतं.

मॅडमचा अहवाल मागच्या जीपने खाली गेला. बारा मीटर माती, मग करडा दगड, मग चव्वेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत चुरा, म्हणजे दगड भरडून पीठ झालेला पट्टा, आणि खाली सत्तरपर्यंत चमकी. चुऱ्यातून बोगदा न्यायचा नाही, त्यात पाणी असतं आणि छत धरत नाही. म्हणून बोगदा पस्तीस मीटरवरून जाणार, करड्या दगडातून. ऑफिसातले साहेब खूश आहेत, खाली जायला नको, पैसे वाचले.

मॅडम मात्र खूश दिसत नाहीत. काल आल्या आणि तीन नंबरच्या खोक्यासमोर बराच वेळ बसल्या. मी चहा दिला. म्हणाल्या, "मी दोन वर्षं ऑफिसात भांडत होते, की या डोंगरात इथेही तेच झालं असणार म्हणून. हे भोक मीच मागून घेतलं होतं. बरं झालं, आता सगळ्यांना हसता येईल." मी विचारलं, काय झालं असणार? त्या म्हणाल्या, "राहू दे. माझा अंदाज चुकला." चहा तसाच ठेवून गेल्या.

मला वाईट वाटलं. माझी मांडणी त्यांना आवडली होती आणि तरी.

१ नोव्हेंबर

दादा,

हे बाबांना दाखवू नकोस.

सोमवारी मॅडम मला पलीकडच्या उतारावर घेऊन गेल्या. थैली उचलायला माणूस हवा होता. तीन तास चढलो. वर एका कड्यापाशी थांबलो, तिथे डोंगर मधून कापल्यासारखा उघडा आहे. खाली करडा, पायाजवळ शिंपल्यांचे तुकडे. आणि त्याच्या डोक्यावर चमकी. स्वच्छ दिसत होतं, मधे फक्त काळपट भुग्याची रेघ.

मी म्हटलं, "मॅडम, हे उलटं आहे."

"का?"

"चमकी जुना. तो खाली पाहिजे. तुम्हीच सांगितलंत."

त्या खाली बसल्या आणि पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "मी तुला गाळाचं सांगितलं होतं. गाळ शांतपणे बसतो तेव्हा खालचं जुनं. पण इथे शांतता कुठे होती? जमीन ढकलत होती. ढकलता ढकलता जागा संपली, तेव्हा खालचे जुने दगड तुटले आणि सरकून नव्याच्या डोक्यावर चढले. मैलच्या मैल. जिथे घासत गेले तिथे दगडाचं पीठ झालं. हे सगळे डोंगर असेच उभे राहिलेत, एक थर दुसऱ्याच्या पाठीवर."

दादा, तुला आठवतं ती शाळेची पडवी? तो दुसरा ठेकेदार होता, त्याने सांधा न ठेवता फरशीला फरशी भिडवली होती आणि तू बघून म्हणाला होतास, उन्हाळा येऊ दे. एप्रिलमध्ये भर दुपारी फाड्कन आवाज आला. आपण गेलो तर मधल्या दोन ओळी उचलल्या होत्या, एक फरशी दुसरीच्या अंगावर चढून बसली होती, आणि काठाला नुसता चुरा. तू मला तिथे बसवून दाखवलंस. 'जागा दिली नाही की एक जण दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो.' मॅडम बोलत होत्या आणि मला ती पडवी दिसत होती.

आणि मग मला माझी खोकी दिसली.

आता ऐक. त्या मंगळवारी दोन खोकी पडली नव्हती. बारा पडली. अख्खी मांडणी आडवी झाली होती. आणि नंबर रंगाने टाकलेले नव्हते, खडूने होते. रंग वाळायला वेळ लागतो, बोटांना लागतो, मॅडम नव्हत्या, म्हटलं आठवड्याचे एकदम रंगवू. त्यात धुवायची बादली सांडली, खडू पुसला गेला. मीटर लिहिलेले लाकडी ठोकळे शेडभर पांगले. मी दार लावलं आणि कुणाला न सांगता सगळी खोकी पुन्हा भरली. कांड्या खोक्यांत अर्ध्याअधिक शाबूत होत्या, प्रश्न फक्त कोणतं खोकं आधी एवढाच होता. मला आठवत होतं दादा. चमकी आधी आला होता, मी पहिल्याच दिवशी उन्हात धरून बघितला होता. पण मी म्हटलं, असं कसं असेल, खालचं जुनं असतं, म्हणजे मीच मांडताना घोळ केला असणार. आणि मी सुधारलं. करडा वर, चमकी खाली. मग रंगाने नंबर टाकले, सुबक. मॅडमनी कौतुक केलं ते त्या नंबरांचं.

म्हणजे चुरा चव्वेचाळीसला नाही. मी कड्यावर बसूनच बोटांवर मोजलं. उलटं केलं की तो चौतीसपासून अडतीसपर्यंत येतो. आणि बोगदा पस्तीसला आहे. माझ्यासारखीच पोरं उद्या तिथे आत असतील, डोक्यावर पीठ आणि त्याच्यावर पाणी.

मॅडम उठल्या, म्हणाल्या, "भोकात हेच निघेल असं मला वाटलं होतं. नाही निघालं." मी थैली उचलली. तीन दिवस झाले, अजून बोललो नाही.

आता एवढं लिहिलंच आहे तर. त्या न्हाणीघरात मी निघायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघितलं होतं. ते दाराकडे आलं. मी उंबऱ्यावर उभा होतो, पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं आणि थांबलं. मी कपडा घेऊन पुसून घेतलं, तुला दिसू नये म्हणून. मग डबा धुतला.

उद्या जीप आहे. माझी पिशवी भरलेली आहे, कॉटखाली. खाली उतरलो की दुसरं काम मिळेल, मला कुठेही मिळतं. अहवाल गेलाय, किल्ली खिळ्याला लावून ठेवीन. कुणाला कळणार नाही, निदान बोगदा तिथे पोचेपर्यंत. त्याला दोन वर्षं आहेत.

तू असतास तर शिव्या दिल्या असत्यास. इथे कुणी देत नाही.

२ नोव्हेंबर, सकाळ

जीप हॉर्न देतेय. ड्रायव्हर म्हणतो, येतोस का, पुढची सीट रिकामी आहे. पिशवी खांद्यावर घेऊन मी इथवर आलो होतो. हे पत्र त्याच्याकडे देतो आणि पिशवी पुन्हा खोलीत टाकतो. मॅडम आठला उठतात. अजून दहा मिनिटं आहेत.

२९ नोव्हेंबर

दादा,

जवळजवळ चार आठवडे रस्ता बर्फाने बंद होता, काल जीप वर आली, म्हणून हे उशिरा. काय झालं ते ओळीने लिहितो.

मॅडम दात घासत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, ती खोकी मी लावली."

"माहीत आहे. तूच लावतोस."

"नाही. ती पडली होती. बाराच्या बारा. जमीन हलली तेव्हा."

त्यांनी चूळ भरली. "नंबर होते ना?"

"खडूने होते."

"मग लावलीस कशावरून?"

"खालचं जुनं, यावरून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते उलटंच होतं. म्हणजे मी बरोबर होते." आणि मग लगेच, "आणि मी पस्तीसवर सही केली." टॉवेल दोरीवर टाकताना तो दोनदा खाली पडला. "भोंग्याला बोलाव," म्हणाल्या.

भोंग्याने पाण्याचं पुन्हा सांगितलं, या वेळी हळू आवाजात. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि त्याचा अंगठा घेतला. मग त्या वायरलेसवर खाली बोलल्या. मी बाहेर उभा होतो. 'माझा अहवाल चुकीचा आहे' असंच म्हणाल्या, माझं नाव घेतलं नाही. तिकडून बराच वेळ बोलणं येत होतं. त्या फक्त 'हो सर' म्हणत होत्या.

चौथ्या दिवशी साहेब बर्फातून अर्धा रस्ता चालत आले, ते त्याच रागात. सगळ्यांना शेडसमोर उभं केलं. "हे कुणी केलं?" भोंगा आकाशाकडे बघत होता. मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"शिक्षण?"

"सातवी."

"आणि खोकी शास्त्राप्रमाणे लावतोस." कुणीतरी हसलं. "याला आजच खाली पाठवा."

मॅडम म्हणाल्या, "पाठवा सर. पण दुसरं भोक मारावं लागेल, आणि पाइप गोठलेत. पाणी ओढ्यावरून खांद्यावर आणावं लागेल. कोण आणणार?"

साहेबांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी बुटांकडे बघितलं. मग साहेब म्हणाले, "रोजंदारीवर. आणि शेडमध्ये पाय ठेवायचा नाही."

तर मी आता पाण्यावर आहे. ओढा खाली आहे, दोनशे दहा पायऱ्या, मीच खोदल्या. दोन डबे काठीला. दिवसाला चाळीस खेपा, मशीन तहानलेलं जनावर आहे. खांद्याला घट्टे पडलेत.

दुसऱ्या भोकापायी सगळ्यांची सुट्टी रद्द झाली. बर्फाआधी घरी जायचे होते ते, आता महिना-दीड महिना अडकले. एकाच्या बायकोचे दिवस भरलेत. माझ्यामुळे. कुणी शिवी देत नाही, मी ताट घेऊन बसलो की फक्त ताटं उचलून पलीकडे जातात. खोलीतला तो उशीवाला आता कॉट फिरवून भिंतीकडे तोंड करून झोपतो. तेव्हा त्याचा चेहरा बघायचा राहिला तो राहिलाच. भोंगा तेवढा बोलतो. परवा माझ्या डब्यात हात बुडवून म्हणाला, "इन्चार्ज साहेब, पाणी जरा कोमट आणत जा." मी हसलो. मग ओढ्यावर जाऊन बसलो थोडा वेळ. कुणाशी तरी हसून खूप दिवस झाले होते.

नवं भोक जुन्यापासून सहा पावलांवर आहे. बारा मीटर माती. मग पाणी चमचमतं आलं. मी काठी खाली ठेवून बघत राहिलो. रोज चमचमतच होतं, वीस, पंचवीस, तीस. गेल्या गुरुवारी चौतीसला मशीनचा आवाज बदलला, नळी अडकेना, घसरायला लागली. वर आली तर आत कांडी नाही, नुसता काळा चिखल, आणि भोकातून पाणी उसळून भोंग्याच्या छातीपर्यंत गेलं. तो ओरडला, पण शब्द नव्हते त्यात. अडतीसला पाणी दुधाळ झालं.

मॅडम आल्या. करड्या दगडाची पहिली कांडी बाहेर काढून धुतली, त्यात एक शिंपला होता, कापला गेलेला. त्यांनी अंगठा त्याच्यावर ठेवला. बोगदा आता पंचावन्नवरून जाईल, चुऱ्याच्या पार खालून. जाताना माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "मी तुला अर्धंच शिकवलं होतं." मी भरलेले डबे खाली ठेवले. मग म्हणाल्या, "पस्तीसला आत शिरलो असतो ना, तर," आणि शेडकडे वळल्या.

आता शेडची किल्ली नव्या माणसाकडे आहे. तो नंबर त्याच दिवशी रंगवतो, मी दारातून बघितलं. त्याचे आकडे वेडेवाकडे येतात.

वहिनीने लिहिलंय, ती माझं पत्र वाचायला लागली की तू उठून जात नाहीस, थाप्या पुसत बसतोस. एकदा तिने मधेच थांबून पाणी प्यायलं तर तू 'पुढे' म्हणालास. ते पत्र न्हाणीघराचं होतं असं ती म्हणते. त्यानंतर तू काही म्हणालास का ते तिने लिहिलं नाही. मी तीनदा उलटून बघितलं, पाठीमागेही काही नव्हतं.

भोक संपायला अजून महिना आहे. तोवर इथेच आहे. इन्चार्जचा पगार गेला, रोजंदारीतून जेवणाचे कापतात, आणि बर्फात काम बंद होतं ते आठ दिवस धरलेच नाहीत. बाबा विचारतील या वेळी इतके कमी का. त्यांना आधीचं पत्रही आता दाखव, आणि हेही. जे झालं तेच सांग.

जीपवाल्याच्या हाती अठराशे साठ पाठवतोय.